गिटारला अ‍ॅम्प्लिफायर घेताना

गणपतीचे दिवस जवळ आले की आमच्या घरचा टेलिफोन वारंवार वाजू लागतो. झाकरीला ढोलक कोण धरणार, मंडपात लाऊडस्पीकर कोणाचा, हे प्रश्न वर्षानुवर्षांचे. गेल्या काही वर्षांत त्यांत आणखी एकाची भर पडली आहे. मुलगा किंवा मुलगी इलेक्ट्रिक गिटार वाजवू लागली आहे, आता तिला अ‍ॅम्प्लिफायर कोणता घ्यावा? प्रस्तुत लेखक या विषयातला इंजिनियर नाही. पंचवीस वर्षे लग्नसमारंभांच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवली आणि त्यात काही चुका पैसे मोजून केल्या, एवढीच त्याची पात्रता.

यंदाचा पहिला फोन माझ्या थोरल्या बहिणीचा आला. भाची सोळा वर्षांची आहे. सेगाचा ठेका आणि हिंदी सिनेमाची गाणी ती बऱ्यापैकी वाजवते. डिसेंबरात तिच्या चुलत भावाचे लग्न आहे आणि तिथे हॉलमध्ये तिला वाजवायचे आहे. ताई म्हणाली, "अरे, ह्यांनी एक जुना अ‍ॅम्प पाहून ठेवलाय. शंभर वॅटचा आहे, स्वस्तात मिळतोय. एकदाच घेतला की कायमची काळजी मिटली म्हणतात. तू येऊन बघतोस का?" मी म्हटले, "ताई, बघायला येतो, पण भावोजींना सांग, पैसे आज देऊ नका."

असे का म्हटले, ते सविस्तर सांगतो. कारण हाच सौदा वाचकांपैकी अनेकांच्या घरी होऊ घातला असेल.

माझा पहिला मोठा अ‍ॅम्प असाच शंभर वॅटचा होता. एक बँड मोडला, त्यांचे सामान विकायला निघाले आणि मी उसने पैसे काढून तो घेतला. स्टेजवर उभा राहिलो की मागे तो कपाटासारखा दिसायचा आणि छाती फुगायची. घरी मात्र त्याची कळ एकच्या पुढे कधी गेली नाही. एकपर्यंत आवाज जवळजवळ नाही आणि दीडवर गेले की दोन घरे पलीकडची म्हातारी आजी काठी टेकत दारात हजर. तो उचलायला दोन माणसे लागत आणि न्यायला व्हॅन. हळूहळू घरी गिटारला हात लागेनासा झाला. दोन वर्षे भरायच्या आत मी तो विकून टाकला. पैशांपेक्षा त्या दोन वर्षांची मला जास्त हळहळ वाटते, कारण शिकण्याचे वय तेच होते.

वॅटचा हिशेब

दुकानात जो तो आधी वॅट विचारतो. वॅट दुप्पट म्हणजे आवाज दुप्पट, अशी सर्वांची समजूत असते. कानाचा हिशेब तसा नाही. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो, म्हणजे लक्ष देऊन ऐकले तर कळेल इतका. कानाला आवाज साधारण दुप्पट वाटायला वॅट दहापट लागतात. म्हणजे शंभर वॅटचा अ‍ॅम्प दहा वॅटच्या अ‍ॅम्पपेक्षा फार तर दुप्पट मोठा वाटतो, दहापट नव्हे.

त्यातही स्पीकरचा वाटा असतो. एका वॅटवर एक मीटर अंतरावरून काही स्पीकर ९५ डेसिबल आवाज देतात, तर काही १००. हा पाच डेसिबलचा फरक म्हणजे वॅट तिप्पट केल्यासारखेच झाले. म्हणून चांगल्या बारा इंची स्पीकरचा वीस वॅटचा अ‍ॅम्प हलक्या आठ इंची स्पीकरच्या चाळीस वॅटवाल्यावर सहज मात करतो. खोक्याचा आकारही पाहावा. फार लहान खोक्यातून खालचे सूर डब्यात अडकल्यासारखे येतात.

मग इतके प्रचंड अ‍ॅम्प जन्माला आलेच का? त्याला इतिहास आहे. १९५० आणि ६० च्या दशकांत स्टेजवरचे लाऊडस्पीकर गायकाच्या आवाजापुरते असत. गिटारचा आवाज हॉलच्या शेवटच्या रांगेपर्यंत न्यायची जबाबदारी गिटारच्या स्वतःच्या अ‍ॅम्पवर होती. इंग्लंडात व्हॉक्स कंपनीचा एसी-३० हा तीस वॅटचा अ‍ॅम्प १९५९ मध्ये आला, जिम मार्शल यांनी लंडनमधल्या आपल्या दुकानातून १९६२ मध्ये अ‍ॅम्प बनवायला सुरुवात केली आणि अमेरिकेत फेंडरचे मोठे अ‍ॅम्प होतेच. तरी तेवढ्याने भागेना. १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्सनी पंचावन्न हजारांवर श्रोत्यांपुढे वाजवले. त्यांच्याकडे व्हॉक्सचे शंभर वॅटचे अ‍ॅम्प होते, तरी त्या आरडाओरडीत त्यांना स्वतःचे वाजवणे धड ऐकू येत नव्हते. आज तसे नाही. हॉलमध्ये साऊंडवाला असतो, तो अ‍ॅम्पपुढे एक मायक्रोफोन लावतो आणि गिटार मोठ्या स्पीकरांतून बाहेर जाते. पाच वॅटचा अ‍ॅम्पसुद्धा अशा रीतीने मैदानभर ऐकवता येतो. स्टेजवरच्या अ‍ॅम्पने आता वाजवणाऱ्याला आणि शेजारच्या ढोलकवाल्याला ऐकू आले म्हणजे पुरे.

भावोजींना मी एवढेच विचारले, "पोरगी वर्षातून स्टेजवर किती रात्री वाजवणार? पाच? सहा? आणि उरलेल्या साडेतीनशे रात्री कुठे?" ते हसले. म्हणाले, "मधल्या खोलीत. आणि शेजारी दोन हातांवर."

तीन जाती

गिटारच्या पिकअपमध्ये लोहचुंबकावर तारेचे वेटोळे असते. पोलादी तार हलली की त्यातून अगदी क्षीण वीज निघते. ती वाढवून स्पीकरला पुरवणे, एवढेच अ‍ॅम्पचे काम. पण हे काम तो निर्विकारपणे करीत नाही, वाढवताना तो आवाजाला स्वतःचा रंग देतो. म्हणूनच गिटार घरच्या स्टीरिओला जोडली तर किरकिरी आणि पातळ लागते. गिटारचा स्पीकर फार उंच सूर गाळून टाकतो, स्टीरिओचा गाळत नाही. अ‍ॅम्प हा वाद्याचाच अर्धा भाग आहे असे मी मानतो.

जुन्या रेडिओसारख्या व्हॉल्व्हवर चालणारी ही पहिली जात. याची खरी गोडी आवाज वर नेल्यावर येते. व्हॉल्व्ह ताणले गेले की सूर किंचित फाटतो, आणि तो फाटका सूरच लोकांना आवडतो. त्यामुळे पंधरा-वीस वॅटचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प कानाला बराच मोठा वाटतो. पण घरी हळू वाजवताना ही गोडी मिळत नाही. शिवाय व्हॉल्व्ह झिजतात आणि बदलावे लागतात. आतल्या भागांत तीनशे-चारशे व्होल्टची वीज बंद केल्यानंतरही साठून राहते, तेव्हा घरच्या स्क्रूड्रायव्हरने तो कधीही उघडू नये. स्पीकर न जोडता चालू केला तर त्याचा आऊटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. जाणत्या हातांसाठी ही उत्तम वस्तू आहे. सोळा वर्षांच्या मुलीचा पहिला अ‍ॅम्प म्हणून मी ती घेणार नाही.

दुसरी जात ट्रान्झिस्टरची. हलकी, टिकाऊ, स्वस्त आणि हळू आवाजातही तशीच बोलणारी. हिला कमी लेखणारे पुष्कळ भेटतात. त्यांना रोलंड कंपनीचा जेसी-१२० दाखवावा. १९७५ मध्ये आलेला हा अ‍ॅम्प ट्रान्झिस्टरचाच आहे, दोन बारा इंची स्पीकरांचा, आणि त्याचा स्वच्छ सूर जगभर नावाजला गेला. इथे आपल्या बेटाचा प्रश्न येतो. सेगात गिटारचा हात झपाट्याने वरखाली चालतो. सेगा आणि रेगे यांच्या मिलाफातून कायाने रूढ केलेल्या सेगेत तो ठेक्याच्या मधल्या जागी तुटक पडतो. दोन्हींत प्रत्येक तार सुटी आणि लख्ख ऐकू आली पाहिजे. सूर फाटला तर ठेकाच चिखलात जातो. तेव्हा सेगा वाजवणाऱ्याने अ‍ॅम्प निवडताना तो किती जोरात फाटतो हे पाहू नये, किती जोरापर्यंत स्वच्छ राहतो हे पाहावे. रॉक वाजवणाऱ्या मुलांचे इंग्रजी मासिकांतले सल्ले इथे उपयोगी पडत नाहीत.

तिसरी जात संगणकाची. आतली चिप वेगवेगळ्या नामांकित अ‍ॅम्पांच्या आवाजाची नक्कल करते. पूर्वी ही नक्कल कृत्रिम वाटे, आता कान फसतो. बॉस कंपनीचा कटाना २०१६ मध्ये आला. त्याच्या पन्नास वॅटच्या मॉडेलला एक कळ आहे, ती फिरवली की तोच अ‍ॅम्प अर्ध्या वॅटवर चालतो. यामाहाचे टीएचआर जातीचे छोटे अ‍ॅम्प २०११ पासून टेबलावर बसले आहेत. ते खास घरासाठीच बनवलेले आहेत. हेडफोनची सोय, गाणे लावून त्यासोबत वाजवायची सोय आणि साऊंडवाल्याला थेट वायर द्यायची सोय या तीन गोष्टी ज्यात असतील, तो अ‍ॅम्प शिकणाऱ्याला सर्वांत जास्त दिवस साथ देतो. हेडफोनच्या बाबतीत एक सूचना. १०० डेसिबलचा आवाज कानाने दिवसातून पंधरा मिनिटांपलीकडे सोसू नये असे अमेरिकेतील कामगार-आरोग्य संशोधन संस्थेचे प्रमाण आहे. मुले ही मर्यादा एका गाण्याच्या तालमीत ओलांडतात.

लाकडी अकूस्टिक गिटारला आणि कीबोर्डला हे अ‍ॅम्प चालत नाहीत, त्यांना उंच सूर न गाळणारा वेगळा अ‍ॅम्प हवा. बास गिटार तर साध्या गिटारच्या अ‍ॅम्पला जोरात जोडूच नये, स्पीकर फाटतो.

तिसरी पिन

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला, तिच्याकडे येतो. आपल्याकडे पुष्कळ वस्तू परदेशी राहणाऱ्या नातलगांच्या सामानातून येतात. आमच्या ओळखीच्या एका घरी अमेरिकेहून असाच अ‍ॅम्प आला. नवा कोरा, प्रेमाने आणलेला. प्लग बदलून तो भिंतीत लावला, क्षणात जळका वास आला आणि तो गेला. आपल्याकडे वीज २३० व्होल्टची आहे, अमेरिकेत १२० ची, जपानात तर १०० ची. इंग्लंड, फ्रान्स किंवा भारतातून आणलेल्या अ‍ॅम्पला ही भीती नाही. इतर ठिकाणचा असेल तर पाठीमागची पट्टी वाचल्याशिवाय लावू नये. काही अ‍ॅम्पांत व्होल्टेज बदलायची सोय असते, काहींचा वेगळा अ‍ॅडॅप्टर १०० ते २४० व्होल्टपर्यंत सर्व काही चालवून घेतो. हे नसेल तर व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लागतो. तो अ‍ॅम्पच्या वॅटवरून घेऊ नये, पट्टीवर छापलेल्या वीजवापरावरून घ्यावा. वीजवापराचा आकडा अनेकदा वेगळा असतो.

पण जळलेला अ‍ॅम्प नवा घेता येतो. आर्थिंगची चूक त्याहून वाईट. आपल्या घरांत दोन तऱ्हांची सॉकेटे नांदतात, तीन चौकोनी पिनांची इंग्रजी आणि दोन गोल पिनांची युरोपीय. युरोपातून आलेल्या अ‍ॅम्पच्या जाड गोल प्लगचा आर्थ कडेच्या धातूच्या पट्ट्यांतून जातो. तो प्लग दोन भोकांच्या स्वस्त अ‍ॅडॅप्टरमध्ये खुपसला की अ‍ॅम्प चालतो, दिवा लागतो, सगळे ठीक दिसते. फक्त आर्थ कुठेच जोडलेला नसतो. गिटारच्या तारा अ‍ॅम्पच्या धातूच्या सांगाड्याला जोडलेल्या असतात. सांगाड्यात वीज उतरली की ती तारांत येते, तारांतून बोटांत, आणि ओठ मायक्रोफोनला लागले की माणसाच्या अंगातून वाट काढते.

हे पुस्तकी ज्ञान नाही. एका मंडपात, पाऊस पडून गेल्यावर ओल्या जमिनीवर उभा राहून मी गाण्याची ओळ उचलायला पुढे वाकलो आणि ओठांवर असा झटका बसला की क्षणभर डोळ्यांपुढे पांढरे झाले. अ‍ॅम्प अशाच अ‍ॅडॅप्टरवर होता. माझे निभावले. स्टोन द क्रोज या स्कॉटिश बँडचा गिटारवादक लेस हार्वी याचे निभावले नाही. ३ मे १९७२ रोजी वेल्समधल्या स्वान्झी शहरात, श्रोत्यांसमोर, आर्थ नसलेल्या मायक्रोफोनला हात लागून तो गेला. यार्डबर्ड्सचा गायक कीथ रेल्फ १९७६ मध्ये स्वतःच्या घरी इलेक्ट्रिक गिटार वाजवताना विजेच्या धक्क्यानेच मरण पावला.

तेव्हा आईवडिलांना आग्रहाची विनंती. अ‍ॅम्प कोणताही घ्या, त्याचा प्लग तीन पिनांचा करून घ्या आणि ज्या सॉकेटला तो रोज लागणार, त्याचा आर्थ इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून घ्या. गुंगुं आवाज बंद होतो म्हणून आर्थची वायर कापून टाकणारे शहाणे प्रत्येक ऑर्केस्ट्रात एक तरी असतात. त्यांना घरात घेऊ नका. मंडपात जनरेटर असेल तर अ‍ॅम्प आणि मायक्रोफोनची पेटी एकाच ठिकाणाहून वीज घेतील असे पाहावे. वादळाच्या मोसमात इशारा वर चढला की नुसते बटण बंद करू नये, प्लग भिंतीतून काढावा आणि अ‍ॅम्प जमिनीवरून उचलून उंचावर ठेवावा. जानेवारी २०२४ मध्ये बेलाल वादळाचे पाणी पोर्ट लुईसमध्ये कसे शिरले, ते आपण पाहिले आहे. समुद्राकाठी राहणाऱ्यांच्या अ‍ॅम्पच्या कळा खाऱ्या हवेने खरखरू लागतात. त्याला कापडाची खोळ आणि अधूनमधून कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा एवढा उपाय पुरतो.

दुकानात आणि स्टेजवर

दुकानात जाताना स्वतःची गिटार न्यावी. तिथल्या महागड्या गिटारवर कोणताही अ‍ॅम्प गोड लागतो. दुकानदार भरधाव चार सूर वाजवून दाखवील, त्याला नमस्कार करून वाद्य आपल्या मुलाच्या हाती द्यावे. सगळ्या कळा मध्यावर ठेवाव्यात. आधी अगदी हळू, घरी वाजवणार तितक्याच आवाजात दहा मिनिटे वाजवावे. तेव्हाही सूर भरदार वाटतो का ते ऐकावे. मग एकदाच मोठ्याने. शेवटी मुलाने तो स्वतः उचलून दारापर्यंत नेऊन पाहावा. ज्याला हा अ‍ॅम्प बसमध्ये चढवता येणार नाही, तो तालमीला जाणे टाळू लागतो.

जुना अ‍ॅम्प असेल तर निदान अर्धा तास चालू ठेवून बसावे. गार असताना सगळेच शहाणे असतात. गरम झाल्यावर गुणगुण वाढते का, वास येतो का, कळ फिरवताना आवाज तुटतो का, आणि व्हॉल्व्हचा असेल तर व्हॉल्व्ह कधी बदलले, हे विचारावे.

स्टेजसाठी साऊंडवाल्याला दोनच प्रश्न आधी विचारून ठेवावेत. गिटारला मायक्रोफोन लावणार का? आणि आमच्यासमोरच्या स्पीकरमधून गिटार आम्हाला ऐकवणार का? दोन्हींना होकार असेल तर घरचा छोटा अ‍ॅम्पही चालेल. १९६५ पासून बनणारा शुअरचा एसएम-५७ हा साधा मायक्रोफोन स्पीकरच्या जाळीपासून इंचभरावर धरला की झाले. नकार असेल, म्हणजे लहान मंडपात फक्त गाण्यापुरतेच लाऊडस्पीकर असतील, तर बारा इंची स्पीकर आणि ट्रान्झिस्टरचे तीस ते पन्नास वॅट हाताशी हवेत. रावानच्या बरोबरीने वाजवायचे तर याहून कमी नको. ते बकऱ्याचे कातडे विस्तवावर तापवून घेतले की त्याला कोणत्याही विजेची गरज लागत नाही!

आणि अ‍ॅम्प जमिनीवर ठेवू नका. गिटारच्या स्पीकरचा तीक्ष्ण आवाज सरळ रेषेत पुढे जातो. वाजवणारा उभा असतो, आवाज त्याच्या गुडघ्यांना लागतो, त्याला वाटते कमी आहे, तो कळ वाढवतो, आणि पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांचे कान किटतात. खुर्चीवर ठेवावा किंवा मागे टेकवून तोंड वर करावे. लग्नातल्या निम्म्या तक्रारी एका खुर्चीने मिटतात, हा माझा अनुभव आहे.

भावोजींचा शंभर वॅटचा सौदा मोडला. भाचीने दुकानात तासभर घालवून पन्नास वॅटचा, बारा इंची स्पीकरचा, अर्ध्या वॅटवर उतरणारा अ‍ॅम्प घेतला. एका हाताने उचलून तिने तो गाडीत ठेवला. तिसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियन आला, तेव्हा कळले की मधल्या खोलीतल्या सॉकेटला आर्थच नव्हता. किती वर्षे, कोण जाणे. तो जोडून झाला. आता ताईचा फोन येतो तो वेगळ्याच तक्रारीचा. "अरे, स्वयंपाकघरात काही ऐकूच येत नाही. पोरगी वाजवते की नुसती बसून राहते, हे मला दर थोड्या वेळाने उठून बघावे लागते."